सिस्टर, स्पा तुमचा. पण सुई कोणाच्या हातात?

माझी मावसबहीण नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात बारा वर्षांपासून आयसीयूत सिस्टर आहे. दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी तिने एक कागद उलगडला. ड्युटी रोस्टरची पाठकोरी बाजू, त्यावर पेनाने काढलेला नकाशा. मनीषनगरात भाड्याने मिळू शकणारा दोन खोल्यांचा गाळा. पुढे रिसेप्शन, मागे एक बेड, कोपऱ्यात लेझरचं मशीन, खिडकीशी छोटा फ्रीज. दारावरच्या पाटीत नावाची जागा रिकामी.

"तू दवाखान्यांचे कागद करतोस ना? मग सांग, मेडिकल स्पाला, म्हणजे फेशियलसोबत बोटॉक्स-लेझरसारखे उपचारही होतात अशा जागेला, कोणकोणती लायसन्सं लागतात?"

मी म्हटलं, लायसन्सांचं मागाहून पाहू. आधी हे सांग, त्या बेडवर जी बाई झोपेल तिच्या कपाळात सुई कोण टोचणार?

"मी. अजून कोण?" ती म्हणाली. "रोज आयसीयूत सेंट्रल लाइन सांभाळून राहिली मी, अन् कपाळाला चार सुया टोचायला कोणाची परवानगी पाहिजे रे?"

तिचा हात माझ्या ओळखीच्या कितीतरी डॉक्टरांपेक्षा स्थिर आहे, यात वादच नाही. पण कायदा हाताची सफाई बघत नाही. तो विचारतो, तपासलं कोणी, औषध ठरवलं कोणी, आणि बिघडलं तर जबाबदार कोण. आयसीयूत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं केस पेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात असतात. तिच्या नकाशात तो केस पेपर लिहिणारा माणूसच नव्हता.

गेल्या दोन-तीन वर्षांत असाच कागद घेऊन चार-पाच सिस्टर माझ्याकडे आल्या. रात्रपाळ्यांचा कंटाळा, तुटपुंजा पगार, आणि मोबाइलवर दिसणारे परदेशी नर्सेसचे चकाचक स्पा. स्वप्नात खोट काहीच नाही. फक्त ते कोणत्या रस्त्याने गाठायचं, हे गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी कळलेलं बरं.

अमेरिकेतली गंमत, आणि आपली उलटी गंमत

आधी त्या व्हिडिओंचं. अमेरिकेतल्या काही राज्यांत 'नर्स प्रॅक्टिशनर', म्हणजे वरचं शिक्षण घेतलेली परिचारिका, स्वतः रुग्ण तपासून औषध लिहून देऊ शकते. साध्या रजिस्टर्ड नर्सला तिथेही तो अधिकार नाही. तिला डॉक्टरच्या किंवा अशा वरिष्ठ नर्सच्या आदेशावरच काम करावं लागतं. शिवाय तिथल्या बऱ्याच राज्यांत डॉक्टर नसलेल्या माणसाला वैद्यकीय व्यवसायाची मालकीच घेता येत नाही. मग जागा, मशीन, जाहिरात सांभाळायला एक वेगळी व्यवस्थापन कंपनी काढतात आणि उपचाराचा भाग डॉक्टरच्या नावावर ठेवतात.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. दवाखान्याचा मालक कोणीही होऊ शकतो. ट्रस्ट रुग्णालयं चालवतात, कंपन्या चालवतात. ट्रस्टचे अध्यक्ष काही ऑपरेशन करायला जात नाहीत. म्हणजे मालकीला दार सताड उघडं, उपचाराला मात्र कुलूप. भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला आहे, पण तो रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागासाठी. त्याच्या जोरावर स्किन क्लिनिक चालत नाही.

कुलूप कोणतं? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३४. ज्याचं नाव राज्याच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीत नाही, त्याने डॉक्टर म्हणून उपचार करायचे नाहीत. केले तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय आपल्या राज्याचा १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा आहेच. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ही परिचर्येची नोंदणी आहे. ती कितीही जुनी असली तरी वैद्यकीय नोंदवहीत नाव नेऊन बसवत नाही.

आणखी एक कलम मी प्रत्येक सिस्टरला बोट ठेवून दाखवतो, कारण ते ऐकून चहाचा कप खाली ठेवला जातो. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, १ जुलै २०२४ पासून लागू. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तोच मृत्यू नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना झाला, तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांनाच आहे, आणि परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. तीच सुई, तीच चूक, आणि शिक्षेची मर्यादा अडीच पट.

मग सिस्टरने करायचं काय?

माझा ठोकताळा असा. त्वचेच्या आत काही जातंय का? प्रिस्क्रिप्शनवर मिळणारं औषध वापरतोय का? मशीन त्वचा किंवा केसाचं मूळ जाळतंय का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर तपासणारा आणि ठरवणारा डॉक्टर हवा, आणि त्याचा लेखी आदेश हवा. बोटॉक्स (सुरकुत्यांवरचं इंजेक्शन), फिलर (त्वचेखाली भरायचं जेल), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला अर्क टोचणं), ग्लुटाथायोनची 'ग्लो ड्रिप' (गोरेपणासाठीचं सलाइन), लेझर, कडक पील (त्वचेचा थर काढणारं रसायन), सगळं या रेषेच्या पलीकडे. फेशियल, क्लीनअप, वॅक्सिंग, मसाज, साधी स्किनकेअर रेषेच्या अलीकडे. त्याला डॉक्टर लागत नाही आणि ते उत्पन्न लहान नसतं. मायक्रोनीडलिंगला, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचण्याला, पार्लरवाल्या 'फेशियलचाच प्रकार' म्हणतात. रक्ताचा ठिपका आला की मी त्याला फेशियल म्हणत नाही.

रेषेपलीकडच्या कामात सिस्टरला जागाच नाही, असं मात्र समजू नका. रुग्णाची माहिती घेणं, ॲलर्जी विचारणं, भुलीचं क्रीम वेळ लावून लावणं आणि पुसणं, डॉक्टरांना हाताशी साहित्य देणं, नंतरची काळजी, दुसऱ्या दिवशीचा फोन. आदेशावरून इंजेक्शन देणं हे परिचारिकेचं रोजचं काम आहे. पण चेहऱ्यावरच्या बोटॉक्स आणि फिलरच्या सुया डॉक्टरनेच टोचाव्यात, डॉक्टर इमारतीत नसताना तर त्या बाहेरच काढू नयेत, हे माझं स्पष्ट मत. नाकाजवळचा फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथली त्वचा मरते, क्वचित डोळा जातो. त्या क्षणी फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज किती आणि कुठे द्यायचं, हा निर्णय फोनवर घ्यायचा नसतो.

तीन दिवसांच्या कार्यशाळेचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र बहिणीकडेही होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्वच्छ लिहिलंय की कार्यशाळेत बघून किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण अशा प्रक्रिया सुरू करायला पुरेसं नाही. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंय, बरं का.

सही भाड्याने मिळते. ती घेऊ नका

इथे बहुतेकींची गाडी घसरते. कोणीतरी सुचवतं, 'एक डॉक्टर पाहून दे, महिन्याला पाच-सात हजार, पाटीवर नाव आणि कोऱ्या लेटरहेडवर सह्या.' नागपुरात असे डॉक्टर मिळत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण पाटीवर नाव असलेला माणूस उपचाराच्या वेळी दुसऱ्याच गावात होता हे उघड झालं, की ती पाटीच तुमच्याविरुद्ध पुरावा होते. महापालिकांच्या पातळीवर बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समित्या आहेत, आणि तक्रार करणारा बहुधा शेजारच्या गल्लीतला स्पर्धक असतो.

डॉक्टर निवडताना पॅथी बघा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिल्याबद्दल निकाल दिला. ज्या पॅथीचं ज्ञान नाही तिच्यात उपचार करणारा भोंदूच, असा त्याचा आशय. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन मिळाला तर उत्तम. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक घ्या आणि नोंदणी चालू आहे का, हे स्वतः तपासा. लाजू नका, डॉक्टर तुमचीही नर्सिंग नोंदणी तपासोत.

मग करार. माझ्याकडच्या करारात मी पैशांच्या आधी वार आणि वेळ लिहितो: मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते आठ, या वेळेबाहेर इंजेक्शन आणि लेझर बंद. प्रत्येक नवा रुग्ण डॉक्टर स्वतः तपासणार. कोणत्या कामाचा आदेश कसा लिहायचा, गुंतागुंत झाली तर रुग्णाला कोणत्या रुग्णालयात हलवायचं, नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार, करार संपला तर त्या नोंदींचं काय. दोघांचाही व्यावसायिक दायित्व विमा, आणि स्पाचा वेगळा. डॉक्टरचं मानधन बैठकीमागे ठरलेलं ठेवा. 'तू पेशंट पाठव, मी टक्के देतो' हा व्यवहार डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत बसत नाही. कमिशन देणं-घेणं तिथे मनाईचं आहे.

फ्रीज, डबे आणि मे महिना

नकाशातला तो खिडकीजवळचा फ्रीज मी पहिल्यांदा खोडला. बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे बोटॉक्सची, न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीनला ऊन थेट फ्रीजच्या पाठीवर येतं, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. फ्रीज भिंतीकडे, इन्व्हर्टरवर, आत थर्मामीटर, दारावर वही. सकाळी आणि संध्याकाळी तापमान लिहून सही. यात भाजीची जुडी आणि डबा ठेवायचा नाही, हे सिस्टरला सांगायची गरज नसते, रिसेप्शनवरच्या मुलीला असते.

ती कुपी घेणार कोण, हा फ्रीजपेक्षा मोठा प्रश्न. ही प्रिस्क्रिप्शनची औषधं. डॉक्टर स्वतःच्या रुग्णासाठी औषध ठेवू शकतो, त्याला औषध नियमांत दुकानाच्या लायसन्समधून सूट आहे, मुख्य अट ही की उघडं दुकान मांडायचं नाही. ती सूट डॉक्टरची आहे, स्पाच्या मालकिणीची नव्हे. म्हणून खरेदी डॉक्टरच्या नावाने, बिलासकट, बॅच क्रमांकासकट, आणि वापरलेली प्रत्येक कुपी कोणाला गेली याची नोंद. 'बिल नको, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याची कुपी घरी फुकट दिली तरी घेऊ नका. फिलर हे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं. त्याच्या खोक्यावरही आयात आणि परवान्याचे तपशील असायला हवेत.

कचऱ्याबद्दल लोक सगळ्यात बेफिकीर असतात आणि सिस्टर सगळ्यात तयार. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. हातमोजे आणि सिरिंजचं प्लास्टिक लाल पिशवीत. काचेची कुपी निळ्यात. रक्ताचा कापूस पिवळ्यात. कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, म्हणजे सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीशी करार हवा. रुग्ण भरती करायचे बेड नसलेल्या दवाखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी एकदाच घ्यावी लागते, पण वार्षिक अहवाल दर वर्षी ३० जूनच्या आत. मंडळाचं कार्यालय सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात आहे.

रुग्णाला रात्री ठेवणार नसाल तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात पडायचं कारण नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. शॉप ॲक्टखाली वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नको, ऑनलाइन सूचना पुरते. आपल्याकडे अजूनही सगळे त्याला गुमास्ताच म्हणतात. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला चहा पाजून परत पाठवा. गाळा घेताना इमारतीचा मंजूर वापर व्यापारी आहे की निवासी, हे कागदावर बघा. घरमालकाचं 'काही होत नाही ताई' हे कागद नव्हे.

पैशाचं गणित आणि जीएसटीची त्रेधा

आकडे काल्पनिक आहेत, पण पद्धत खरी. समजा भाडं २५ हजार, दोन मुलींचे पगार २६ हजार, डॉक्टरच्या महिन्यातल्या आठ बैठका प्रत्येकी तीन हजारांनी २४ हजार, मशीनचा हप्ता ४२ हजार, वीज-इंटरनेट-कचरा १० हजार, साहित्य १५ हजार. झाले १ लाख ४२ हजार. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज साधारण साडेपाच हजार आले पाहिजेत, तेव्हा कुठे तुमचा स्वतःचा पगार शून्यावर येतो. आता मे महिना आठवा. दुपारी रस्ते ओस, आणि उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर लेझर मारला की भाजण्याचा धोका, म्हणजे मशीन झाकून ठेवायचं. हप्ता मात्र झाकता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मशीन विकत घेऊच नका असा माझा आग्रह असतो. ज्या दिवशी डॉक्टर येणार त्या दिवसापुरतं भाड्याने आणा, नाहीतर लेझरशिवाय सुरू करा. मशीन विकणारा माणूस तुम्हाला याच्या उलट सांगेल, आणि फार गोड बोलून सांगेल.

जीएसटीत तीन टोपल्या आहेत. डॉक्टरने मुरुमांवर, खाजेवर उपचार केला तर ती आरोग्यसेवा, करमुक्त. फेशियल-वॅक्सिंग ही सौंदर्यसेवा; २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ ऐवजी ५ टक्के, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तिसरी टोपली केसरोपण आणि कॉस्मेटिक सर्जरीची. ती करमुक्तीतून मुद्दाम वगळलेली आहे; जन्मतःचा दोष, अपघात, इजा यामुळे बिघडलेलं दुरुस्त करायचं असेल तरच सूट. बोटॉक्स-फिलर कोणत्या टोपलीत, यावरून वाद होतात, म्हणून बिलात 'ट्रीटमेंट चार्जेस' असा मोघम शब्द लिहू नका. काय केलं आणि कशासाठी केलं ते लिहा. आणि नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त उत्पन्नही त्यात धरलं जातं. ही गोष्ट सीएकडे उशिरा गेलेल्या बऱ्याच जणींना महाग पडते.

संमती, फोटो, जाहिरात

सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली खटला डॉक्टरांना पाठ असतो. ज्या प्रक्रियेची संमती घेतली तीच करायची. तीही धोके आणि पर्याय समजावून. स्पामध्ये उलटं घडतं: बाई पीलसाठी येते, 'सोबत थोडं फिलर करून घ्या, ऑफर आहे' म्हणून बसवली जाते आणि जुन्याच फॉर्मवर सही घेतली जाते. फॉर्म मराठीत ठेवा. हिंदी बोलणाऱ्यांसाठी हिंदीत. सही झाल्यावर प्रत हातात द्या. आधी-नंतरच्या फोटोंची संमती वेगळ्या कागदावर घ्या आणि ती नाकारली तरी उपचार होईल असं त्यावर छापा.

१९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. तक्रारीला दोन वर्षांची मुदत, आणि ५० लाखांपर्यंत पैसे मोजलेल्या सेवेची तक्रार जिल्हा आयोगातच. तिथे तुमचा बचाव म्हणजे तुमची वही. डॉक्टरचा आदेश, बॅच क्रमांक, वेळ, सही.

जाहिरातीत 'सात दिवसांत गोरं', 'पोट कायमचं गायब', 'कोड मुळापासून बरं' असलं काही लिहू नका. लठ्ठपणा आणि कोड, दोन्ही १९५४ च्या जादुई उपाय कायद्याच्या यादीत आहेत. त्यांच्या औषधांची जाहिरातच मना आहे. डॉक्टरलाही रुग्ण खेचायला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे इन्स्टाग्रामवर तुमच्या स्पाचं नाव चालेल, डॉक्टरसाहेबांचा रील नको.

नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत नोकरी असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी सेवाशर्तींचे नियम वाचा. परवानगीशिवाय खासगी धंदा चालत नाही, आणि 'नवऱ्याच्या नावावर आहे' हे उत्तर आस्थापना शाखेने बऱ्याचदा ऐकलेलं असतं.

बहिणीने त्या कागदावर आता बरंच खोडलंय. लेझरच्या कोपऱ्यात हात धुण्याचं बेसिन आलं, फ्रीज आतल्या भिंतीकडे गेला, आणि दारावरच्या पाटीत डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, मंगळवार-शुक्रवार आणि त्याखाली तिचं नाव, पुढे 'नोंदणीकृत परिचारिका'. एक त्वचारोगतज्ज्ञ तयार झाल्या आहेत. त्यांना आपत्कालीन ट्रॉली स्वतः लावून हवी आहे, त्यावर दोघींचं चांगलंच जमलं. गाळ्याचा करार मात्र अडकलाय. घरमालक म्हणतो इन्व्हर्टरचं वायरिंग तुम्ही करा, ती म्हणते करतो, पण सोडताना त्याचे पैसे परत, असं आधी लिहून द्या.